दोन देशांकडून खेळलेले क्रिकेटपटू : प्रतिनिधित्वाच्या कल्पनेचा एक शब्दार्थनिष्ठ विचार

१

क्रिकेटच्या इतिहासात एकाहून अधिक राष्ट्रांच्या संघांतून खेळलेल्या खेळाडूंची नावे एका वेगळ्या यादीत घालण्याची प्रथा आहे. ती यादी बहुधा कौतुकासाठी वाचली जाते. एका गृहस्थाने दोन टोप्या घातल्या, एवढाच तिचा अर्थ समजला जातो. वस्तुतः या यादीमागे इतिहासाचा एक गंभीर प्रश्न आहे. मनुष्य जेव्हा एखाद्या देशाचे प्रतिनिधित्व करतो, तेव्हा तो नेमके काय करतो? तो त्या देशाचा असतो म्हणून खेळतो, की त्या देशाच्या बाजूने खेळतो म्हणून त्या देशाचा ठरतो? १९४७ च्या फाळणीनंतर हा प्रश्न काही खेळाडूंपुढे प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्याचे उत्तर त्यांना आपल्या आयुष्याने द्यावे लागले.

या प्रश्नाचा विचार करताना मराठी भाषेतील काही शब्दांचा फार उपयोग होतो. देश, वतन, चाकरी, तर्फ आणि प्रतिनिधी हे ते शब्द होत. आज हे शब्द राष्ट्रीय अर्थाने किंवा केवळ औपचारिक अर्थाने वापरले जातात. तथापि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः शिरूर व दौंड या तालुक्यांच्या इतिहासात, त्यांचे जुने अर्थ अजून स्पष्ट दिसतात. म्हणून विवेचनाचा आरंभ तेथूनच करणे सोयीचे आहे.

२

भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर तालुका आणि दक्षिणेस दौंड तालुका पसरलेला आहे. सह्याद्रीपासून दूर, पावसाच्या छायेत पडलेला हा मुलूख म्हणजे 'देश' या शब्दाच्या मूळ मराठी अर्थाचे उत्तम उदाहरण होय. कोकणातून घाट चढून वर येणारा मनुष्य 'देशावर' येतो. देशस्थ, देशमुख, देशपांडे या शब्दांतील 'देश' म्हणजे राष्ट्र नव्हे. तो भूप्रदेश आहे, किंवा वसुलीच्या व्यवस्थेतील एक विभाग आहे. संस्कृत 'दिश्' या धातूचा अर्थ दाखविणे असा आहे, आणि बोट दाखवून सांगता येईल तो देश, हा अर्थ मराठीने दीर्घकाळ सांभाळला. यामुळेच उत्तर हिंदुस्थानातून चाकरीनिमित्त येऊन महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या घराण्यांना 'परदेशी' हे आडनाव लाभले. ही घराणी आज कित्येक पिढ्या मराठी बोलतात, मराठी जमिनीत राबतात, मराठी शाळांतून शिकवितात; आडनाव मात्र परदेशीच राहिले. त्या आडनावात परकेपणाचा आरोप नाही. कोणीतरी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात आला, एवढीच त्यात नोंद आहे.

'वतन' हा शब्द याहून अधिक बोधक आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ निवासस्थान, जन्मभूमी असा असून उर्दूत तो स्वदेश या भावनेने भरलेला आहे. मराठीत मात्र वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला गावचा किंवा परगण्याचा हक्क : पाटीलकीचे वतन, कुलकर्णाचे वतन, महारकीचे वतन. मराठी मनुष्य वतनासाठी भांडला तो राष्ट्रासाठी नव्हे, तर गावातील आपल्या स्थानासाठी. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ लाहोर आणि पुणे या दोन टोकांवर उभे आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हवी.

वतनापासून चाकरी ही गोष्ट पूर्णपणे वेगळी होती. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच टापूतील आहे. भोसले घराण्याची पाटीलकी ज्या गावांशी जोडली जाते, त्यांपैकी हिंगणी बेरडी हे गाव आजच्या दौंड तालुक्यात आहे. शहाजी राजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढले. त्यानंतर ते आदिलशाहीत गेले, पुन्हा निजामशाहीत आले, काही काळ मोगलांच्या चाकरीत राहिले, निजामशाहीचा बालवारस गादीवर बसवून त्यांनी स्वतः राज्यकारभार पाहिला, आणि १६३६ च्या तहानंतर ते पुन्हा आदिलशाहीत दाखल झाले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांनी तीन सत्तांचे 'प्रतिनिधित्व' केले. समकालीनांना यात विसंगती वाटली नाही. कारण चाकरी बदलली तरी वतन आणि पुणे-सुपे प्रांताशी असलेला संबंध कायम होता. मनुष्य कोणाचा, हे वतन सांगत होते. तो कोणाकडून लढतो, हे चाकरी सांगत होती. दोहोंचे उत्तर एकच असले पाहिजे असा आग्रह त्या काळाने धरला नव्हता.

३

शिरूरचा, म्हणजेच घोडनदीचा, अर्वाचीन इतिहास याच भेदाची दुसरी, अधिक कठोर बाजू दाखवितो. १८०२ च्या वसईच्या तहानंतर शिरूर येथे इंग्रजांची छावणी बसली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील तुकडी शिरूरहून पुण्याच्या रोखाने निघाली आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, आज शिरूर तालुक्यातच मोडणाऱ्या कोरेगाव भीमा येथे तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. कंपनीच्या पलटणीत महार सैनिकांची संख्या लक्षणीय होती. पेशव्यांच्या बाजूने गावावर चाल करून गेलेल्या पायदळात अरब होते. म्हणजे मराठी मुलखातील शिपाई इंग्रजांच्या बाजूने आणि समुद्रापलीकडून आलेले शिपाई मराठी राज्याच्या बाजूने, अशी ती रचना होती.

या घटनेचा अर्थ केवळ 'चाकरी' या शब्दाने पुरा होत नाही. ज्या राज्यव्यवस्थेने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्या राज्याची बाजू घेण्याचे बंधन त्यांच्यावर कोणत्या न्यायाने येते, हा प्रश्न तेथे उभा राहतो. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोरेगावच्या स्तंभास भेट दिली, तेव्हा या प्रश्नास सार्वजनिक रूप आले. प्रतिनिधित्व ही एकमार्गी गोष्ट नाही. मनुष्याने समूहाचे प्रतिनिधित्व करावे, अशी अपेक्षा ठेवताना समूहाने त्या मनुष्यास आपला मानले आहे काय, हेही पाहावे लागते.

हाच प्रश्न क्रिकेटच्या मैदानावर प्रथम पुण्यासच उपस्थित झाला. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात मैदानाची देखभाल करण्याच्या कामावर ते होते, आणि तेथील इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांचा डावखुरा हात तयार झाला. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांचा चेंडू सर्वांस चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना मातीच्या भांड्यातून, निराळ्या जागी चहा दिला जाई. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळू यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. ज्या संघाचे ते प्रतिनिधी होते, त्या संघाच्या चौरंगी सामन्यांतील नेतृत्वाचा मान मात्र त्यांना मिळाला नाही. तो १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

४

भारताच्या क्रिकेटमध्ये 'देश' ही प्रतिनिधित्वाची पहिली कल्पना नव्हती, हे येथे स्पष्टपणे नमूद करावयास हवे. प्रथम युरोपियन व पारशी यांचे सामने झाले, आणि ते मुंबई व पुणे या दोन्ही ठिकाणी होत असत. १९०७ मध्ये हिंदू संघ सामील होऊन स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान संघाच्या प्रवेशाने ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये ख्रिस्ती व इतर समाजांचा 'शेष' संघ येऊन ती पंचरंगी झाली. १९४० मध्ये महात्मा गांधींनी या जातवार रचनेविरुद्ध मत दिले, तरी ती १९४६ च्या आरंभापर्यंत चालू राहिली. सांगलीस जन्मलेले मराठी ख्रिस्ती विजय हजारे या स्पर्धेत 'शेष' संघाकडून खेळले. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात केलेल्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. ज्या मराठी मनुष्याचे नाव महाराष्ट्र अभिमानाने घेतो, त्याला मुंबईच्या मैदानावर 'उरलेल्यांत' खेळावे लागले.

दुसरे प्रतिनिधित्व संस्थानांचे होते, आणि ते थेट जुन्या चाकरीच्या परंपरेतून आले होते. संस्थानिक गुणी खेळाडूंना पदरी ठेवीत, त्यांना सैन्यात किंवा दरबारात नोकरी देत. मार्च १९४७ मध्ये बडोदे येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे आणि होळकर या संघांत झाला. गायकवाडांचा मूळ संबंध शिरूरशेजारच्या खेड तालुक्यातील दावडीशी, तर होळकरांचा नीरेकाठच्या होळशी. अठराव्या शतकात देशावरून उत्तरेकडे गेलेल्या दोन सरदार घराण्यांची नावे असलेले हे संघ होते, पण त्यांत खेळणारे सर्व प्रांतांचे होते. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाल्यावर सांगलीचे हजारे आणि लाहोरचे गुल महंमद एकत्र आले आणि त्यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा केल्या. हजारे यांच्या २८८, गुल महंमद यांच्या ३१९. कोणत्याही जोडीसाठी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा उच्चांक २००६ पर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे, टिकला. बडोद्याचा विजय एक डाव व ४०९ धावांनी झाला.

सामना झाला तेव्हा फाळणीला पाच-सहा महिन्यांचा अवधी होता. बडोद्याच्या चाकरीत लाहोरचाच आणखी एक खेळाडू होता : फिरकी गोलंदाज अमीर इलाही. हजारे व गुल महंमद ज्या संघाचे प्रतिनिधी होते, तो संघ धर्माचा नव्हता, भाषेचा नव्हता, राष्ट्राचाही नव्हता. तो एका दरबाराचा होता. जुन्या चाकरीचे हे क्रिकेटमधील शेवटचे मोठे दर्शन होय.

५

आता राष्ट्रांच्या संघांकडे वळावयास हरकत नाही. दोन राष्ट्रांकडून खेळण्याची गोष्ट कसोटी क्रिकेटइतकीच जुनी आहे. मार्च १८७७ मध्ये मेलबर्न येथे झालेल्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले बिली मिडविंटर हे जन्माने इंग्लंडचे. पुढे १८८१-८२ मध्ये ते इंग्लंडच्या संघातून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळले, आणि त्यानंतर पुन्हा ऑस्ट्रेलियाकडून. साम्राज्याच्या आत हे सर्व चालले. एका राजाची प्रजा म्हणून इंग्लंड आणि वसाहत यांत फार अंतर मानले जात नव्हते. निष्ठेची कसोटी लागण्याचा प्रसंगच नव्हता.

इफ्तिखार अली खान पतौडी यांचे उदाहरण याच वर्गात प्रथमदर्शनी मोडते. डिसेंबर १९३२ मध्ये सिडनी येथे इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत त्यांनी १०२ धावा केल्या. कर्णधार जार्डिन यांच्या अंगावर चेंडू टाकण्याच्या धोरणाशी त्यांचे जमले नाही, आणि दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना वगळण्यात आले. १९३४ मध्ये ते आणखी एकदा इंग्लंडकडून खेळले. बारा वर्षांनी, १९४६ च्या उन्हाळ्यात, ते भारताचे कर्णधार होऊन इंग्लंडला गेले. इंग्लंड आणि भारत या दोहोंकडून कसोटी खेळलेले ते एकमेव खेळाडू.

२२ जून १९४६ रोजी लॉर्ड्स येथे सुरू झालेल्या कसोटीतील भारताचा संघ इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. विजय मर्चंट, विनू मांकड, लाला अमरनाथ, विजय हजारे, रुसी मोदी, पतौडी, गुल महंमद, अब्दुल हाफीज, दत्ताराम हिंदळेकर, सी. एस. नायडू आणि सदाशिव शिंदे हे ते अकरा जण होत. यांपैकी पतौडी पूर्वी इंग्लंडकडून खेळलेले होते. गुल महंमद आणि अब्दुल हाफीज पुढे पाकिस्तानकडून खेळावयाचे होते. म्हणजे त्या दिवशी भारताच्या अकरांत तिघे दोन देशांचे होते. त्यांतील दोघांचा दुसरा देश अजून जन्मास आला नव्हता. हिंदळेकर, शिंदे, हजारे हे मराठी खेळाडू आणि लाहोरचे हे दोन तरुण एकाच टोपीखाली उभे होते. सामना इंग्लंडने दहा गडी राखून जिंकला.

अब्दुल हाफीज १९४६ नंतर ऑक्सफर्डला राहिले आणि कारदार हे कुलनाम वापरू लागले. 'कारदार' म्हणजे कारभार पाहणारा. मराठीतील कारकून, कारभारी यांच्या कुळातला हा फारसी शब्द. धावफलकावर भारताकडून खेळलेला 'हाफीज' आणि पाकिस्तानचा कर्णधार 'कारदार' हे दोघे एकच, हे ठाऊक नसलेल्या वाचकास दोन निराळ्या व्यक्ती वाटतील. १९५२ ते १९५८ या काळातील पाकिस्तानच्या पहिल्या तेवीस कसोटींत तेच कर्णधार होते. ज्याने तीन कसोटी भारताकडून खेळल्या, त्याच्याच हातून दुसऱ्या देशाचे क्रिकेट आकारास आले.

६

ऑगस्ट १९४७ मध्ये या सर्व प्रश्नांची गाठ पुण्यास पडली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारताचा संघ फाळणीपूर्वीच निवडला गेला होता, आणि त्याचे सराव शिबिर १५ ऑगस्टपासून पुण्यात भरावयाचे होते. निवड झालेल्यांत लाहोरचे वेगवान गोलंदाज फझल महमूद होते. पावसामुळे शिबिर नीट होऊ शकले नाही. परतीच्या प्रवासाची हकीकत फझल महमूद यांनी आपल्या आत्मकथनात दिली आहे : पुण्याहून मुंबईस जाताना आगगाडीत काही माथेफिरू त्यांच्या अंगावर आले, आणि सोबत असलेले सी. के. नायडू हातात बॅट घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. फझल मुंबईहून कराचीस आणि तेथून लाहोरला पोहोचले. पंजाबातील रक्तपात पाहिल्यावर त्यांनी भारताच्या संघातून आपले नाव मागे घेतले.

फझल महमूद यांचे नाव दोन देशांच्या यादीत नाही. पण ती यादी कशी तयार झाली हे समजण्यासाठी त्यांच्याइतके दुसरे उदाहरण नाही. दोन देशांचा खेळाडू होण्यापासून त्यांना एका आगगाडीच्या प्रवासाचे अंतर होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये लखनौ येथे पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, त्यात त्यांनी भारताचे बारा गडी बाद केले.

अमीर इलाही आणि गुल महंमद यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. दोघेही ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले. १२ डिसेंबर १९४७ रोजी सुरू झालेल्या सिडनीच्या कसोटीत अमीर इलाही भारताकडून खेळले, तेव्हा त्यांचे जन्मगाव लाहोर पाकिस्तानात जाऊन चार महिने झाले होते. या एका सामन्यात वतन आणि चाकरी यांची जुनी फारकत शेवटची टिकून राहिली. वतन लाहोरास, चाकरी बडोद्यास, टोपी भारताची. आणि हे तिन्ही मिळून एकच मनुष्य.

१९५२-५३ मध्ये पाकिस्तानचा संघ प्रथमच भारतात आला, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे अमीर इलाही पाहुण्या संघात होते आणि गुल महंमद भारताच्या. पाच वर्षांपूर्वी बडोद्याच्या एका संघातून खेळलेले, एकाच शहरात जन्मलेले हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. त्या मालिकेतील दोन भागीदाऱ्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत, पुण्यास जन्मलेले व बडोद्याकडून खेळलेले हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद यांनी भारताच्या शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा केल्या. मद्रासच्या चौथ्या कसोटीत अमीर इलाही आणि झुल्फिकार अहमद यांनी पाकिस्तानच्या शेवटच्या जोडीसाठी १०४ धावा केल्या. त्यांत अमीर इलाही यांच्या ४७ होत्या. मधल्या मुंबईच्या कसोटीत हजारे यांनी नाबाद १४६ धावा काढल्या. गोलंदाजी करणाऱ्या संघात त्यांचे बडोद्याचे जुने सहकारी होते. धावफलकावर यातले काहीच दिसत नाही.

गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले, आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये कराची येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून एकच कसोटी खेळले. आठ कसोटी एका देशाकडून आणि एक दुसऱ्याकडून, असा त्यांचा हिशेब आहे. भारताकडून ते पाकिस्तानविरुद्धही खेळले होते, हे विसरता येत नाही. मिडविंटर यांनीही असेच केले होते. पण मिडविंटर यांना कोणी विचारले नाही की तुम्ही कोणाचे. गुल महंमद यांच्या काळी हा प्रश्न न विचारताच हवेत होता. फरक खेळाडूच्या वर्तनात नाही. 'देश' या शब्दाच्या अर्थात आहे. देश हा प्रदेश असताना मनुष्य एका देशातून दुसऱ्या देशात जात असे. देश हे राष्ट्र झाल्यावर मनुष्याने एक देश सोडून दुसरा स्वीकारला, असे म्हणणे भाग पडले.

७

येथे मराठीच्या एका प्रत्ययाकडे लक्ष देणे उचित होईल. मराठी वृत्तलेखनात खेळाडू 'भारताकडून' किंवा 'भारतातर्फे' खेळतो. 'कड' म्हणजे बाजू, कडा. 'कडून' हा शब्दयोगी दिशा दाखवितो (पुण्याकडून आला), कर्तृत्वाचे निमित्त दाखवितो (माझ्याकडून चूक झाली), आणि पक्षही दाखवितो. अरबी 'तरफ' याचाही अर्थ बाजूच. त्यावरून महसुली विभागास 'तर्फ' हे नाव पडले, आणि महाळुंगे तर्फ घोडा यासारख्या पुणे जिल्ह्यातील ग्रामनामांत ते आजही टिकून आहे. एकाच नावाची दोन गावे असली तर कोणते गाव कोणत्या तर्फेत, हे सांगितल्याने ओळख पटते. म्हणजे 'तर्फ' ओळख देते, पण मूळ नाव बदलत नाही.

षष्ठीचा संबंध निराळा आहे. 'भारताचा खेळाडू' या प्रयोगात मालकीचा, आप्ततेचा अर्थ आहे. 'भारताकडून खेळलेला' यात तो नाही. मराठीने हे दोन्ही प्रयोग जिवंत ठेवले. कारदार भारताकडून खेळले, हे विधान आजही निःशंकपणे करता येते. ते भारताचे होते काय, याचे उत्तर देताना वर्ष विचारावे लागते. 'प्रतिनिधी' शब्दाचाही इतिहास असाच आहे. राजाराम महाराज जिंजीस असताना प्रल्हाद निराजी यांच्यासाठी प्रतिनिधी हे पद निर्माण झाले. राजाच्या जागी उभे राहून काम पाहणारा तो प्रतिनिधी. तो राजा नव्हे, राज्यही नव्हे. त्याला दिलेल्या अधिकारापुरताच तो त्यांच्या जागी असतो. खेळाडूस राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणताना आपण ही मर्यादा सोडून देतो, आणि अकरा माणसांच्या हार-जितीस राष्ट्राची हार-जीत समजतो. त्यातूनच निष्ठेचे संशय जन्म घेतात.

८

अलीकडच्या काळात दोन देशांकडून खेळणे पुन्हा सामान्य होत चालले आहे. केप्लर वेसल्स ऑस्ट्रेलियाकडून आणि नंतर दक्षिण आफ्रिकेकडून खेळले. इऑन मॉर्गन आयर्लंडकडून आणि नंतर इंग्लंडकडून. आंतरराष्ट्रीय नियमांत जन्म आणि नागरिकत्व यांच्याबरोबर तीन वर्षांचे वास्तव्य हाही पात्रतेचा आधार मानला जातो. मराठी घरांतही ही गोष्ट आली आहे. नाशिकला जन्मलेले सुशील नाडकर्णी महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळून पुढे अमेरिकेच्या संघात गेले. मुंबईचे सौरभ नेत्रावळकर २०१० मध्ये न्यूझीलंड येथे झालेल्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळले, नंतर मुंबईकडून रणजी सामना खेळले, आणि २०१५ मध्ये संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्धचा सामना बरोबरीत सुटल्यावर निर्णायक षटक त्यांनी टाकले व अमेरिका विजयी झाली. १२ जून रोजी न्यूयॉर्क येथे भारताविरुद्ध त्यांनी विराट कोहली यांना पहिल्याच चेंडूवर आणि त्यानंतर रोहित शर्मा यांना बाद केले.

भारताचे दोन श्रेष्ठ फलंदाज बाद करणाऱ्या या गोलंदाजाचे महाराष्ट्रात कौतुकच झाले. ते योग्यच होते. पण अभ्यासकाने येथे एक प्रश्न मनाशी विचारावयास हवा. सौरभ नेत्रावळकर यांच्या बाबतीत जे औदार्य सहज दाखविता आले, ते अमीर इलाही यांच्या बाबतीत कठीण का झाले असावे? शिक्षण आणि नोकरी यांसाठी स्वेच्छेने केलेले स्थलांतर आपण 'चाकरी' या जुन्या सदरात टाकतो आणि क्षमा मागण्याचीही गरज ठेवत नाही. फाळणीने लादलेले स्थलांतर मात्र आपण 'वतन' या सदरात, आणि तेही उर्दू अर्थाने, टाकतो. वस्तुतः पहिल्यास निवडीचे स्वातंत्र्य होते, दुसऱ्यास ते फारच थोडे होते. निष्ठेचा जाब विचारावयाचा असेल तर तो ज्याला निवड होती त्याला विचारावा; आपण बहुधा उलट करतो. आणि खरे पाहता दोघांनाही तो विचारण्याचे कारण नाही.

९

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक : एकाहून अधिक सत्तांच्या बाजूने उभे राहणे हे दख्खनच्या इतिहासात अपवादात्मक नव्हते, वतन आणि चाकरी यांच्या भेदामुळे ते शक्य व सन्मान्य होते. दोन : भारतातील क्रिकेटने प्रतिनिधित्वाचे एककच वारंवार बदलले. प्रथम धर्म, मग संस्थान, मग राष्ट्र. गुल महंमद आणि अमीर इलाही या तिन्ही एककांतून गेले, आणि राष्ट्र या एककाचे दोन तुकडे झाले तेव्हा दोन्ही तुकड्यांतून गेले. त्यांनी बाजू बदलली असे म्हणण्यापेक्षा त्यांच्याभोवती बाजूच बदलत गेल्या, असे म्हणणे पुराव्यास अधिक धरून होईल. तीन : पळवणकर बाळू यांच्या उदाहरणावरून दिसते की एकाच संघाचे आयुष्यभर प्रतिनिधित्व केलेल्या मनुष्यासही तो संघ आपला म्हणेलच असे नाही. आपलेपणा टोपीने सिद्ध होत नाही, तसा तो टोपी बदलल्याने नाहीसाही होत नाही.

हिंगणी बेरडीच्या पाटीलकीत आणि शहाजी राजांच्या चाकरीत जे अंतर होते, तेच अंतर 'भारताचा' आणि 'भारताकडून' या दोन प्रयोगांत आजच्या मराठीने जपून ठेवले आहे. क्रिकेटच्या इतिहासलेखकांनी आपल्या याद्या करताना या प्रयोगभेदाचा उपयोग केला, तर अमीर इलाही यांच्यासारख्या खेळाडूंची एक कसोटी भारताच्या आणि पाच कसोटी पाकिस्तानच्या खात्यावर लिहिताना कोणत्याही खात्याच्या शेऱ्यात अधिक काही लिहिण्याची गरज पडणार नाही.